लोको पायलटची नोकरी: रात्री किती बाहेर जातात आणि घराचं काय होतं

प्रश्न थोडक्यात असा आलाय. वय २६, इलेक्ट्रिकल डिप्लोमा, सध्या नाशिकला सातपूर एमआयडीसीत कामाला, असिस्टंट लोको पायलट म्हणजे एएलपीला सिलेक्शन झालंय, भुसावळ डिव्हिजन मिळालंय. लग्न ठरलंय, होणारी बायको नाशिकलाच एका खाजगी बँकेत आहे, आणि मुलीकडचे म्हणतायत की जावई रात्री घरी नसणार मग संसार कसला. तर महिन्यात नक्की किती रात्री बाहेर जातात, घर चालतं का, आणि नाशिकला राहून अप-डाऊन जमेल का.

मी १९८८ ला असिस्टंट म्हणून लागलो, तेव्हा लोको पायलट हा शब्दच नव्हता, सगळे ड्रायव्हरच म्हणायचे, आणि २०२३ ला मेल-एक्सप्रेसचा लोको पायलट म्हणून रिटायर झालो. कुठल्या लॉबीला, म्हणजे जिथे ड्युटीची हजेरी लागते त्या ऑफिसला, होतो ते लिहीत नाही, ओळखीचे लोक अजून नोकरीत आहेत आणि खाली काही गोष्टी जरा मोकळ्या लिहिणार आहे.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो कारण ते सोपं आहे. नाही जमणार. नाशिकरोड ते भुसावळ अडीचशे किलोमीटरच्या वर, चांगली गाडी मिळाली तरी तीन-साडेतीन तास, शिवाय गाडीची वाट बघायची, स्टेशनवरून घरी जायचं, म्हणजे एका बाजूला पाच तास धर. हेडक्वार्टरला, म्हणजे आपल्या लॉबीच्या गावी, रेस्ट मिळते १६ तास, ती पण ड्युटी ८ तास किंवा जास्त झाली असेल तर, नाहीतर १२ च. १६ मधले १० तास गाडीत गेले तर तू झोपणार कधी? माझ्याबरोबरचे दोघं-तिघं हे करायचे, पोरांच्या शाळेमुळे घर लांब ठेवलेलं, आणि ते लॉबीत आले की त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळायचं की हा माणूस रेस्ट घेऊन नाही, प्रवास करून आलाय. लॉबीपासून पंधरा मिनिटांच्या आत रहायचं, क्वार्टर मिळालं तर क्वार्टर, नाहीतर भाड्याची खोली. बायकोच्या नोकरीचं काय करायचं त्यावर खाली येतो.

आता रात्रींचा हिशोब. हा प्रश्न मला लग्नाआधी माझ्या सासऱ्यांनी पण विचारला होता आणि मी खोटं बोललो होतो, म्हटलं महिन्यात सात-आठ. खरं मलाच माहीत नव्हतं. पुढे गुड्सला, म्हणजे मालगाडीवर, असताना एकदा डायरीत महिनाभर टिपून ठेवलं, तर १७ रात्री मी घरच्या अंथरुणात नव्हतो. पण त्या १७ पैकी रनिंग रूममध्ये, म्हणजे परगावच्या रेल्वेच्या विश्रांतीगृहात, खरंच रात्री झोपलो असं फक्त पाच वेळा, बाकी १२ रात्री इंजिनात. लोक ‘बाहेरची रात्र’ म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यासमोर लॉजवर झोपलेला माणूस असतो. आपल्याकडे बहुतेक रात्री जागं राहून जातात आणि रनिंग रूममध्ये आपण झोपतो ते दिवसा. हा फरक आधी नीट समजून घे, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

उदाहरण देतो. धर सोमवारी रात्री नऊला कॉल, म्हणजे ड्युटीचं बोलावणं, आला, अकराला साईन ऑन, म्हणजे ड्युटी सुरू. लॉबीत बायोमेट्रिक, ब्रेथलायझरमध्ये फुंकर, कॉशन ऑर्डर, म्हणजे कुठे गाडी हळू न्यायची त्याचा कागद, घेतली, यार्डात जाऊन इंजिन बघितलं, ब्रेक पॉवर बघितली, निघेपर्यंत साडेबारा. कोळशाचा भरलेला रेक. वाटेत दोनदा लूपला, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, टाकलं, मेल गाड्या पुढे काढल्या, सकाळी नऊला साईन ऑफ, म्हणजे ड्युटी संपली. दहा तास झाले. आउटस्टेशनला, म्हणजे परगावी, ८ तासांची रेस्ट, म्हणजे संध्याकाळी पाचला तू परत अव्हेलेबल, पण परतीला गाडी असली पाहिजे ना, ती मिळाली रात्री नऊला. बुधवारी सकाळी सहाला साईन ऑफ, सातला घरी. आता १६ तास रेस्ट म्हणजे रात्री दहापर्यंत तू मोकळा, पण कॉल दोन तास आधी येतो म्हणजे आठनंतर कधीही फोन वाजेल. बघ आता, सोमवारची रात्र इंजिनात, मंगळवारची इंजिनात, बुधवारची पण जायची शक्यता. तीन रात्री झाल्या आणि रनिंग रूममध्ये एकही रात्र झोपला नाहीस, झोपलास तो मंगळवारचा दिवस आणि बुधवारचा दिवस. असं लागोपाठ चार रात्रींपर्यंत लावतात. लोको पायलटांच्या संघटनेची मागणी आहे की दोनवर थांबवा.

नियम काय ते पण सांगतो, कारण नवीन पोरं नियम न वाचता सहा महिने ओरडत बसतात. हेडक्वार्टर सोडल्यापासून ७२ तासांच्या आत तुला परत आणायचं असा नियम, संघटना म्हणते ३६ करा. ड्युटी साईन ऑन ते साईन ऑफ ११ तास, त्यात गाडी चालवणं ९, अडचण असली की वाढवतात. दोन आठवड्यांचे मिळून १०४ तास. आणि पिरिऑडिक रेस्ट, ज्याला सगळे पीआर म्हणतात, महिन्यात ३० तासांच्या चार किंवा २२ तासांच्या पाच. हे १९८९ च्या रेल्वे कायद्यातच आहे, आणि त्यात शब्द असा आहे की ‘पूर्ण रात्र धरून’. कायदा करणाऱ्याला पण कळलं होतं की रनिंगवाल्याला तास देऊन भागत नाही, त्याला अख्खी रात्र द्यावी लागते. भांडण कुठे आहे तर त्या ३० तासांत आधीचे १६ धरलेले असतात, संघटनेचं म्हणणं १६ वेगळे आणि ३० वेगळे, एकूण ४६ द्या. बरीच वर्षं चाललंय ते. तू लागल्यावर तुझ्या पीआरची नोंद स्वतःच्या डायरीत ठेव, कॉम्प्युटरमध्ये असतंच पण स्वतःची पण असू दे.

गुड्समध्ये लिंक नसते हे लक्षात ठेव. पॅसेंजर आणि मेलला लिंक असते, म्हणजे कुठल्या दिवशी कुठली गाडी हे आधी माहीत असतं, रात्री तिथेही बाहेर जातात पण बायकोला महिना आधी सांगता येतं की १४ तारखेला मी घरी आहे. गुड्सला उद्याचं पण सांगता येत नाही. एएलपी म्हणून सुरुवात बहुतेक गुड्सलाच होते, नंतर सीनियर एएलपी, शंटिंग, लोको पायलट गुड्स, पॅसेंजर, मेल असं वर जायचं. मला मेलची लिंक मिळाली तेव्हा माझी मुलगी दहावीत होती. तिचं अख्खं बालपण गुड्समध्ये गेलं असं आमच्या घरात म्हणतात.

आता मुद्द्याचं. मुलीकडचे रात्रीची काळजी करतायत, पण ३५ वर्षांचा माझा अनुभव असा की बाहेरची रात्र फार जड नसते. रनिंग रूममध्ये तू एकटा, तुला कोणी हाक मारत नाही, स्वयंपाकी जेवण देतो, पडदा ओढला की झोप, उठवायला माणूस येतो. घरी पण रात्री तू नाहीस हे एकदा ठरलेलं असतं, ते जेवतात, दार लावतात, झोपतात. घर मोडतं ते तू परत आल्यावर. सकाळी सातला तू येतोस तेव्हा तुझी रात्र सुरू होते आणि घराचा दिवस. कुकरची शिट्टी, शाळेची व्हॅन, कामवाल्या मावशी, भाजीवाला, कुरिअरवाला, शेजारच्या काकू ‘आलेत का साहेब’ म्हणून डोकावणार. पोरगं तुला दोन दिवसांनी बघतंय, त्याला अंगावर उड्या मारायच्यात. बायकोकडे दोन दिवसांची साठलेली बोलणी आहेत, गॅस संपला, शाळेतून चिठ्ठी आली, आईचं बीपी वाढलं. सगळं खरंय, सगळं तिनं तुझ्याशीच बोलायचं. आणि तुला झोपायचंय. तू घरात आहेस पण नाहीस, आणि हे बाहेर असण्यापेक्षा जास्त लागतं माणसाला. आमच्या घरातली नव्वद टक्के भांडणं सकाळी सात ते नऊमधली आहेत, रात्री बाहेर होतो म्हणून भांडण झाल्याचं मला आठवत नाही.

त्यात खानदेशातला उन्हाळा. भुसावळला एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या आसपास जातो, पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्याच्या खोलीत दुपारी बारा वाजता झोपून दाखव. माझा तुला अगदी साधा सल्ला, पहिल्या पगारातून टीव्ही नको, मोबाईल नको, झोपायच्या खोलीला कूलर किंवा एसी, आणि खिडकीला जाड काळा पडदा. इन्व्हर्टर पण. ही चैन नाही, हे तुझं अवजार आहे, सुताराला रंधा तसं.

आमच्या हिनं दाराच्या बेलला आतून एक स्विच बसवून घेतला होता, मी झोपलो की बंद. बाहेर पुठ्ठा लावायची, ‘ड्युटीवरून आलेत, बेल वाजवू नका, शेजारी विचारा’. नवीन कॉलनीत रहायला गेलो तेव्हा समोरच्यांना वर्षभर वाटत होतं की हा माणूस काहीच काम करत नाही, दिवसभर झोपलेला असतो आणि संध्याकाळी बॅग घेऊन कुठेतरी जातो. एकानं तर बायकोला हळूच विचारलं होतं, साहेब नक्की काय करतात. असो.

दोन नियम आम्ही हळूहळू बसवले, ते बसायला पाच-सहा वर्षं गेली, तुम्ही पहिल्या महिन्यात बसवा. एक, आल्यावर अर्धा तास घरच्यांचा. कितीही झोप आली तरी चहा, पोराशी बोलणं, बायकोचं अर्जंट असेल ते ऐकणं, आणि त्या अर्ध्या तासात मोबाईल नाही. मग झोप, आणि झोपेत कोणी उठवायचं नाही, आग लागली तरच. दोन, उठल्यावर दुपारी-संध्याकाळी जो काही वेळ असेल तो घराच्या कामाला, मित्रांबरोबर कट्ट्यावर नाही. माझ्या पहिल्या काही वर्षांत मी उठलो की स्टेशनकडे चहाला जायचो, तिथे पण सगळे रनिंगवालेच, गप्पा पण गाड्यांच्याच, आणि आठला कॉल. बायको एकदा म्हणाली की तुम्ही घरी रेस्टला येता, मग आमच्याकडे कधी येता? त्याचं उत्तर नव्हतं माझ्याकडे.

आणि अजून एक, परत आल्यावर घरात कंट्रोलर होऊ नको. तू नसताना घर त्यांच्या पद्धतीनं चाललेलं असतं, पोराला टीव्ही किती वेळ, जेवण किती वाजता, हे त्यांनी ठरवलेलं असतं. तू दोन दिवसांनी येऊन हे असं का आणि ते तसं का सुरू केलंस की सगळ्यांची चिडचिड. घराच्या टाईमटेबलमध्ये आपण म्हणजे स्पेशल गाडी, आपल्याला पाथ, म्हणजे इतर गाड्यांमधून वाट, मागून घ्यावा लागतो. मला हे माझ्या मुलीनं शिकवलं, आठवीत असताना सरळ म्हणाली की बाबा तुम्ही नसता तेव्हा आम्ही भांडत नाही. दोन दिवस बोललो नाही तिच्याशी, मग पटलं.

सणांचं सांगायलाच नको. दिवाळीत उलट गाड्या वाढतात. माझ्या जमान्यात कॉल बॉय सायकलवरून कॉल बुक घेऊन यायचा आणि सही घ्यायचा, तो लक्ष्मीपूजनाच्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी दिसला की सगळ्यांचे चेहरे पडायचे, बिचाऱ्याला फराळ द्यायचे पण नीट बोलायचे नाहीत. आता मोबाईलवर येतो कॉल. आम्ही वाढदिवस तारखेला करायचं सोडून दिलं, मी घरी असेन त्या दिवशी केक, एकदा सकाळी दहाला केक कापलाय आणि अकराला मी झोपलोय. पोरांना त्याचं काही वाटत नाही, नातेवाईकांनाच वाटतं. मुलगी झाली तेव्हा मी गाडीवर होतो, एका छोट्या स्टेशनला लूपला थांबलो तर मास्तर केबिनमधून ओरडला, ‘कंट्रोलवर निरोप आलाय, मुलगी झाली, पेढे कधी?’ तिला बघितलं दीड दिवसानी.

रनिंग रूमबद्दल नवीन पोरांना फार भीती असते. पूर्वी आम्ही पत्र्याची मोठी पेटी न्यायचो, तिच्यात कपडे, बत्ती, झेंड्या आणि डाळ-तांदूळ-पीठ पण, आपलं सामान द्यायचं आणि स्वयंपाकी करून द्यायचा. आता ट्रॉली बॅग आणि सबसिडीचं जेवण, बऱ्याच ठिकाणी एसी. चांगल्या आहेत, वाईट पण आहेत. एका ठिकाणी तर ढेकणांमुळे आम्ही खाटा उन्हात टाकून जमिनीवर झोपायचो. स्वतःची चादर ने, डोळ्यावर बांधायला काळा रुमाल, कानात घालायचे बोळे, कारण शेजारच्या खाटेवरचा घोरतोच. शेंगदाण्याची चटणी किंवा ठेचा आणि दोन भाकऱ्या कायम बॅगेत, गाडी कुठे आठ तास अडकेल सांगता येत नाही. रात्रीच्या गाडीआधी पोटभर भात नको. रनिंग रूममध्ये मोबाईल बघत पडू नको, आताच्या पोरांचं हे सगळ्यात मोठं आहे, आठ तासांतले तीन तास रील्समध्ये जातात आणि मग म्हणतात रेस्ट पुरत नाही.

पाणी कमी पिऊ नको. इंजिनात संडास-बाथरूम नाही, काही नवीन इंजिनांत युरिनल बसवलेत पण तुझ्या वाट्याला कुठलं इंजिन येईल ते नशीब, म्हणून पोरं पाणीच पीत नाहीत आणि पस्तिशीत मुतखडा. मला दोनदा झालाय. आपण पुरुष असून एवढी रड, बायकांनी कसं काढलं असेल विचार कर. साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८९ ला असिस्टंट म्हणून लागल्या, मार्च २०२३ मध्ये सोलापूरहून सीएसएमटीला वंदे भारत घेऊन आल्या, २०२५ ला रिटायर झाल्या. तुझ्या होणाऱ्या सासऱ्यांना हे सांग हवं तर, की ही नोकरी करून माणसं पूर्ण आयुष्य काढतात.

झोपेबद्दल मी एवढं का लिहितोय ते सांगतो. पहाटे तीन ते पाच. तू कितीही तगडा असलास तरी त्या वेळात शरीर आतून बंद पडायला लागतं. इंजिनात व्हीसीडी म्हणून यंत्र असतं, साधारण मिनिटभर तू कुठलंच हँडल, बटण हलवलं नाहीस तर आधी दिवा लागतो, मग बझर, तरी काही केलं नाही तर ब्रेक लागतो. पण माणसाचं शरीर हुशार आहे, ते अर्धवट झोपेत पण बटण दाबायला शिकतं. मी स्वतः एकदा तिसऱ्या सलग रात्री एक स्टेशन पास केलं आणि पुढच्या सिग्नलला मला ते स्टेशन आठवेना. सिग्नल हिरवे होते, असिस्टंटनं ते मोठ्यानं सांगितले होते, मी पण उत्तर दिलं होतं असं तो म्हणाला, मला काही आठवत नव्हतं. घाम फुटला. त्या ट्रिपच्या आधी घरी काय होतं तर चुलतभावाचा साखरपुडा, मी रेस्टमध्ये पाच तास तिकडे नाचत होतो. लाल सिग्नल ओलांडला तर नोकरी जायची वेळ येते, आणि नोकरी ही छोटी गोष्ट, मागे डब्यांत माणसं असतात. म्हणून घरच्यांना सांगायचं की बाबा झोपलेत म्हणजे बाबा कामावर आहेत. सिग्नल एकमेकांना मोठ्यानं सांगणं, हात दाखवून, ते नवीन असताना हसू येतं, लाजू नको, मोठ्यानं सांग, पहाटे तेवढंच जागं ठेवतं. झोप आवरत नसेल तर आपल्या लोको पायलटला स्पष्ट सांग, उभा रहा, तोंडावर पाणी मार. आणि घरून निघतानाच अंगात बरं नसेल तर कॉल घेऊन नंतर रडू नको, सिक हो. चार बोलणी बसतील, बसू देत.

दारूचं तर बोलायलाच नको, लग्नाच्या हळदीला मित्र आग्रह करतील, दुसऱ्या दिवशी ब्रेथलायझर आहे हे तुला आठवायचंय, त्यांना नाही. आयुर्वेदिक काढे आणि खोकल्याची औषधं पण बघून घे, काहींत अल्कोहोल असतं.

एक रात्र मात्र बाहेर खरंच जड जाते. गाडीखाली माणूस येतो. येतोच, आज ना उद्या, प्रत्येकाच्या नोकरीत येतो. भरलेली मालगाडी ब्रेक लावल्यावर लगेच थांबत नाही, तू फक्त हॉर्न वाजवत बघत राहतोस. मग थांबायचं, गार्डला, म्हणजे २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात त्यांना, सांगायचं, पुढच्या स्टेशनला मेमो द्यायचा, आणि गाडी पुढे न्यायची. साईन ऑफ करून रनिंग रूमला गेलास की जेवण समोर येतं आणि घास उतरत नाही. माझ्या पहिल्या वेळी मी कोणाला सांगितलं नाही, घरी पण नाही, चार महिने रात्री दचकून उठायचो आणि बायकोला वाटायचं मला दुसरंच काहीतरी टेन्शन आहे, पैशाचं वगैरे. दुसऱ्या वेळी एका जुन्या ड्रायव्हरनं रात्रभर माझ्याशी बोलत बसून काढली, स्वतःच्या चार केसेस सांगितल्या. तिसऱ्या वेळी मी रनिंग रूममधूनच बायकोला फोन केला. तू पहिल्याच वेळी कर. तपशील नको सांगू, एवढंच सांग की आज असं झालं आणि मला झोप येत नाहीये. आणि जमलं नाही तर रेल्वेच्या डॉक्टरकडे जाऊन बोल, त्यात कमीपणा काही नाही.

पैशाचं पटकन. लेव्हल २, बेसिक १९,९०० पासून. आकडा बघून नातेवाईक नाक मुरडतील, पण रनिंग अलाउन्स म्हणजे मायलेज वेगळं, जेवढे किलोमीटर तेवढे पैसे, आणि रनिंग स्टाफच्या बेसिकमध्ये ३० टक्के धरून काही भत्ते मिळतात. मात्र मायलेजवर घराचा हप्ता बसवू नको. सुट्टीत, आजारपणात, ट्रेनिंगमध्ये महिन्याचा आकडा हलतो. हप्ता बेसिक-डीएवर बसवायचा आणि मायलेज वेगळ्या खात्यात, एवढं पाळलंस तर जास्त ट्रिपा मागायचा मोह होत नाही. मी पाळलं नव्हतं, घराच्या कर्जापायी दोन वर्षं पीआरमध्ये पण गाड्या मागून घेतल्या.

डोळ्यांचं पण बघ, ए-वन मेडिकल आहे, चष्मा न लावता ६/६ लागतं, लेसर करून आलेलं चालत नाही. आणि हे एकदा पास होऊन संपत नाही, ४५ वयापर्यंत दर चार वर्षांनी, मग दोन वर्षांनी, ५५ नंतर दरवर्षी तपासणी. शुगर-बीपी सांभाळ, रात्रीचा वडापाव आणि दिवसाची अर्धवट झोप दोन्ही मिळून चाळिशीत बिल पाठवतात.

आता बायकोच्या नोकरीचं. मी तुझ्या जागी असतो तर तिला लगेच नोकरी सोडायला लावली नसती. पहिले काही महिने तुझं ट्रेनिंगच असेल, वर्ग, मग गाडीवर शिकणं, तेव्हा तू घरी नसतोसच. तोपर्यंत ती नाशिकला राहू दे, तू लॉबीजवळ खोली घे, पीआरला नाशिकला जा, तीस तासांत जाऊन-येऊन एक रात्र मिळते, सोळा तासांच्या रेस्टमध्ये मात्र कधीच जाऊ नको, कितीही आठवण आली तरी. मग तिच्या बँकेची भुसावळ किंवा जळगावला शाखा असेल तर बदली मागता येईल, जळगाव-भुसावळ चोवीस किलोमीटर, रोज हजारो लोक करतात. किंवा तू मनमाडसाठी नाव देऊन ठेव, तिथून नाशिकरोड ७३ किलोमीटर, पण रिक्वेस्टवर जायला वेळ लागतो, दोन-तीन वर्षं धरूनच चाल. एकत्र रहायला लागल्यावर तिची स्वतःची नोकरी, स्वतःच्या मैत्रिणी असणं चांगलंच आहे, जिचं सगळं जग नवऱ्याच्या येण्या-जाण्यावर आहे तिला ही नोकरी खाऊन टाकते. आमच्या कॉलनीत बघितलंय मी.

सासऱ्यांना पटवत बसू नको, त्यांना सांग महिन्यात पंधरा-सतरा रात्री नसेन, आकडा ऐकून घाबरले तर घाबरू दे, नंतर कळण्यापेक्षा बरं. बोलायचं ते होणाऱ्या बायकोशी. वर सोमवार ते बुधवारचं जे उदाहरण दिलंय ते कागदावर तिच्यासमोर मांड, आणि तिला विचार की बुधवारी सकाळी सातला मी आलो आणि तुला साडेनऊला बँकेत निघायचंय, तर आपण भेटणार कधी? तुम्ही दोघांनी मिळून त्या कागदावर कुठेतरी दीड-दोन तास काढून दाखवले की झालं. ती बँकेतून सहाला येते, तुझा कॉल आठनंतर, म्हणजे सहा ते आठ तुमचे, तेवढं तरी नक्की आहे. त्या दोन तासांत पाहुणे बोलावू नका.

आणि लग्नाची तारीख जॉइनिंगच्या आधी बसते का बघा, ट्रेनिंगमध्ये सुट्टी मिळत नाही फारशी.